उलट्या सालोमालोस खुले पत्र

प्रति,
सुविचारांखाली थोरामोठ्यांची नावं लिहिणारे अज्ञात महोदय,
मुक्काम : आम्हा सर्वांचे मोबाइल

सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आपल्या उपकारांचं ओझं आता डोईजड झालं आहे. रोज सकाळी दात घासायच्या आत आपण उगवता सूर्य, दव पडलेला गुलाब आणि जगावं कसं याविषयीचं एक वाक्य घरपोच करता. वाक्य कुणाचं, हे आपल्याला ठाऊक नसतं. पण अशा क्षुल्लक गोष्टीवाचून आपलं अडत नाही. आपण खाली एक भारदस्त नाव टाकता, आणि दीड दमडीच्या वाक्याला सोन्याचा भाव येतो. याबद्दल आधी आभार.

विशेष आभार पु. ल. देशपांड्यांबद्दल. १२ जून २००० रोजी ते गेले, असं आम्ही अज्ञानापोटी धरून चाललो होतो. त्यानंतरच त्यांच्या लेखणीला खरा बहर आला, हे आपण दाखवून दिलंत. माझ्याकडे आलेल्या एका 'पुलं'च्या उताऱ्यात सेल्फीवर कोटी होती, आणि शेवटी आईवडिलांना वेळ द्या असा सद्गदित उपदेश, तीन टिंबं, दोन बदाम. उपदेशकांची टोपी उडवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना आपण मरणोत्तर प्रवचनाला बसवलंत. चाळीतल्या बटाट्यांनाही गहिवरून आलं असेल.

वपुंच्या बाबतीत तर आपली सोयच झाली. 'वपुर्झा' हे पुस्तकच मुळी वेच्यांचं, तेव्हा त्यात आणखी शेपाचशे वेचे मिसळले तर कोण मोजायला बसणार? वपु काळे २००१ मध्ये गेले. तेव्हापासून नवरा-बायकोच्या नात्यावर ते जितकं बोलले आहेत, तितकं कथाकथनाच्या शेकडो प्रयोगांतही बोलले नसतील.

आपल्या घराण्याचा शोध घेताना माझी नजर साहजिकच देहूकडे गेली. तिथल्या सालोमालोबद्दल परंपरा सांगते की तो तुकोबांच्या अभंगांतलं 'तुका म्हणे' पुसून तिथे 'सालो म्हणे' बसवायचा आणि कीर्तनात आपलेच म्हणून गायचा. खुद्द तुकोबांनी अभंगांत त्याचं नाव घेऊन समाचार घेतला आहे, आणि 'प्रभात'च्या १९३६ मधल्या 'संत तुकाराम' चित्रपटाने तर त्याला घरोघरी पोचवलं. पण सालोमालो पडला स्वार्थी. आपण निःस्वार्थी! स्वतःच्या ओळीखाली 'तुका म्हणे' लिहून मोकळे होता, स्वतःकडे छदामही ठेवत नाही. चोरी करून मालकाच्याच घरात माल टाकून येणारा चोर साऱ्या महाराष्ट्राने प्रथमच पाहिला.

तुकोबांची गाथा सरकारी खर्चाने छापायची ठरली तेव्हा विष्णुशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित जुन्या वह्या जमवत, पाठ ताडून पाहत बसले होते. १८६९ मध्ये पहिला भाग आला आणि दुसरा यायला १८७३ साल उजाडलं. केवढा हा वेळेचा अपव्यय! यमक जुळलं आणि शेवटी 'तुका' आला की अभंग तुकोबांचा, ही आपली सुटसुटीत पद्धत त्या बापड्यांना कुणी सांगितली असती तर आठवड्यात काम उरकलं असतं.

गांधीजींवरची आपली माया तर जगजाहीर आहे. माझं खातं असलेल्या बँकेत काउंटरच्या वर एक फ्रेम आहे. डावीकडे पंचातले हसरे गांधीजी आणि उजवीकडे मजकूर, की ग्राहक हा आमच्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे, तो आमच्यावर अवलंबून नाही, आम्ही त्याच्यावर आहोत. फ्रेमच्या खिळ्यालाच दोरीने एक पुठ्ठा लटकवलेला असतो : 'पासबुक प्रिंटर बंद आहे. चौकशी करू नये.' या दोहोंतलं अस्सल वचन कोणतं, हे सांगायला तज्ज्ञ नको.

याच वचनाखाली आपण कुठे कुठे 'दक्षिण आफ्रिका, १८९०' असंही घालता, तेव्हा तर माझा ऊर भरून येतो. १८९० मध्ये मोहनदास गांधी लंडनला बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते आणि आफ्रिकेच्या भूमीवर त्यांनी पाऊल ठेवलं ते १८९३ मध्ये. म्हणजे तिथल्या ग्राहकांना उद्देशून ते तीन वर्षं आधीच बोलून गेले. तो मजकूर १९४१ मध्ये अमेरिकेत छापलेला सापडतो, स्टुडबेकर मोटार कंपनीचे विक्रीप्रमुख केनेथ इलियट यांच्या नावाने. मोटारी खपवणाऱ्या साहेबाचा धंद्याचा मंत्र आपण सूत कातणाऱ्याच्या तोंडी घातलात. सर्वधर्मसमभाव म्हणतात तो हाच असावा.

जगात जो बदल हवा तो आधी स्वतःच व्हा, हे टी-शर्टांवरचं गांधीवचनही आपलीच देणगी. ते शब्द या घडणीत गांधीजींच्या लेखनात मिळत नाहीत. त्याच्या अगदी जवळ जाणारं वाक्य अर्लीन लॉरन्स या ब्रुकलिनच्या शिक्षिकेने १९७४ मध्ये छापलं. तरीही आपली अगदीच चूक आहे असं म्हणवत नाही. माणूस स्वतः बदलला की जगाचं त्याच्याशी वागणंही बदलतं, अशा अर्थाचं गांधीजींनी खरोखर लिहिलं आहे. १९१३ मध्ये, 'इंडियन ओपिनियन'मधल्या आरोग्यावरच्या गुजराती लेखमालेत. आणि कशाबद्दल लिहिताना? सर्पदंशाबद्दल! आपल्या मनातलं वैर गेलं तर साप आणि वाघसुद्धा आपल्याशी वेगळं वागतील, या ओघात ते वाक्य येतं. हे वाचताना म्हातारा पटतो, पटत नाही, चिडवतो, विचारात पाडतो. पण टी-शर्टावर साप कुठे छापणार? तेव्हा आपण केलंत तेच योग्य. विषही गेलं आणि दातही.

आधी ते दुर्लक्ष करतात, मग हसतात, मग भांडतात आणि मग तुम्ही जिंकता, हेही गांधीजींचंच, नाही का? १९१८ मध्ये बाल्टिमोरला कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. तिथे निकोलस क्लाइन नावाचे गृहस्थ जवळजवळ हेच बोलले. फक्त त्यांच्या भाषणात शेवटी विजय नव्हता. आधी जाळायला निघतात आणि नंतर पुतळे उभारतात, असं ते म्हणाले होते. पुतळ्यांचा भाग आपण गाळलात. आपल्याकडच्या चौकांची अवस्था पाहता तेही समजण्यासारखं आहे.

आइन्स्टाइनना आपण मधमाश्यांचे तज्ज्ञ केलंत. माश्या संपल्या की माणसाला चारच वर्षं उरतील, हे त्यांचं भाकीत १९९४ मध्ये ब्रसेल्सला आंदोलन करणाऱ्या मधपाळांच्या पत्रकात झळकलं. त्याआधी जवळजवळ चाळीस वर्षं, १९५५ मध्ये, आइन्स्टाइन वारले होते. पण आपल्या सेवेत असलेल्या कुणालाही मरणामुळे रजा मिळत नाही, हे पुलंच्या वेळी आम्ही पाहिलंच आहे.

या कलेची कीर्ती साहेबाच्या देशातही पोचली आहे बरं का. अवतरणांचा छडा लावणारे इंग्रज लेखक नायजेल रीस यांनी तिला 'चर्चिलियन ड्रिफ्ट' असं नावच दिलं. लहान माणसाचं चटकदार वाक्य वाहत वाहत जाऊन शेवटी चर्चिलच्या अंगणात लागतं, असा त्याचा आशय. आपल्याकडे ते चाणक्यांच्या अंगणात लागतं. मगधातल्या त्या आचार्यांनी टार्गेट, टीमवर्क आणि ऑफिसातल्या राजकारणावर एवढं चिंतन करून ठेवलंय, हे आपण नसतात तर आम्हाला कळलंच नसतं.

आता जरा अवघड विषय. रागावू नका.

आपल्या दातृत्वासाठी लागणारा माल येतो कुठून, याचा मी माग काढत गेलो. तर दर वेळी अशाच कुणाच्या तरी दाराशी जाऊन पोचलो, जिचं किंवा ज्याचं नाव मी आधी ऐकलं नव्हतं. व्होल्टेअरचं घ्या. तुमचं म्हणणं मला मान्य नाही, पण ते म्हणण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राण देईन, या आशयाचं वाक्य आपल्याकडे प्रत्येक परिसंवादात अध्यक्ष समारोपाला वापरतात, आणि पुढच्या वक्त्याला वेळ संपल्याची चिठ्ठी पाठवतात. व्होल्टेअर १७७८ मध्ये वारला. वाक्य छापलं गेलं १९०६ मध्ये, एव्हलिन बिअॅट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेच्या पुस्तकात. हेल्वेशियसच्या ग्रंथाची होळी झाली तेव्हा व्होल्टेअरचा पवित्रा काय होता, हे सांगताना तिने ते आपल्या शब्दांत मांडलं. पण घातलं अवतरणचिन्हांत, आणि लोकांनी ते व्होल्टेअरला बहाल केलं. पुढे तिने स्वतः खुलासा केला, की बाबांनो, शब्द माझे आहेत. कुणी ऐकलं नाही.

गंमत पाहा, त्या पुस्तकावरही तिचं नाव नव्हतं. 'एस. जी. टॅलनटायर' या टोपणनावाने ती लिहायची. बाईच्या नावाने पुस्तक कोण वाचणार म्हणून तिने आधी स्वतःच स्वतःला झाकलं असेल, तर उरलेसुरले कष्ट आपण वाचवलेत. एकाच वाक्याच्या पायी दोनदा नाहीशी होण्याचं भाग्य फार थोड्यांना लाभतं. तिच्या वतीनेही धन्यवाद.

दाणा घेऊन भिंतीवर पुनःपुन्हा चढणाऱ्या मुंगीची ती हिंदी कविता आपण हरिवंशराय बच्चन यांना दिलीत. ती सोहनलाल द्विवेदींची. अमिताभ बच्चन यांनी स्वतः जाहीर सांगितलं, की ही बाबूजींची नव्हे. सख्ख्या मुलाने दान परत केलं तरी आपण घ्यायला तयार नाही, याला म्हणतात दानशूर.

लोकमान्यांच्या सिंहगर्जनेबद्दल मात्र मी आपल्याला दोष देणार नाही. स्वराज्य आणि जन्मसिद्ध हक्क यांची सांगड टिळकांनी जाहीरपणे घातली, लोकांनी ती त्यांच्याच तोंडून ऐकली. त्या शब्दांच्या घडणीचं श्रेय पुष्कळजण त्यांचे स्नेही जोसेफ बॅप्टिस्टा यांना देतात. माझगावच्या माथारपाखाडीतले काका बॅप्टिस्टा, होमरूल लीगचे अध्यक्ष, पुढे मुंबईचे महापौर. हा वाद इतिहासकारांनी करावा. माझी तक्रार एवढीच, की माझगावच्या टेकडीवर त्यांच्या नावाच्या बागेत फिरायला येणाऱ्यांना विचारलं तर काका कोण, हे निम्म्यांना सांगता येणार नाही. आपल्या वाक्यांच्या बाजारात त्यांच्या नावाला भाव नाही ना!

आणि मेकॉले! दरवर्षी कुठल्या ना कुठल्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे त्याचं ते 'भाषण' वाचून दाखवतात. हिंदुस्थान उभा-आडवा फिरलो, एकही भिकारी दिसला नाही, एकही चोर दिसला नाही, तेव्हा या देशाचा कणा मोडायचा तर त्याची शिक्षणपद्धती बदला. स्थळ ब्रिटिश पार्लमेंट, तारीख २ फेब्रुवारी १८३५. त्या तारखेला मेकॉले होता कलकत्त्यात. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये तो मद्रासला उतरला होता. आणि ज्या देशात त्याला चोर दिसला नाही, त्याच देशात त्याच सुमारास विल्यम स्लीमन ठगांच्या टोळ्या पकडत हिंडत होता.

पण तारीख आपण उगाच नाही निवडलीत. त्याच दिवशी मेकॉलेने कलकत्त्यात आपलं शिक्षणविषयक टिपण लिहिलं. त्यात त्याने काय म्हटलंय? चांगल्या युरोपीय ग्रंथालयातली एक फळी हिंदुस्थान आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याइतक्या मोलाची आहे. रंगाने हिंदी आणि आवडीनिवडीने इंग्रज असा एक वर्ग तयार करायचा आहे. हे त्याच्या सहीचं, सरकारी दप्तरातलं, आणि अस्सल. त्याला फासावर चढवायला एवढं पुरेसं होतं. आपण काय केलंत? त्याच्या तोंडी आपली तोंडभरून स्तुती घातलीत. म्हणजे शिव्या खाव्यात त्याने आणि सुखावून जावं आम्ही! खऱ्या पुराव्याच्या जागी खोटा ठेवून आरोपीला निर्दोष सोडवणारा असा सरकारी वकील मिळायला देशाचं नशीब लागतं.

राहता राहिले अब्राहम लिंकन. इथे माझी लेखणी थरथरते, कारण ते पत्र काचेआड लावलेलं नाही असं मुख्याध्यापकांचं दालन मी महाराष्ट्रात पाहिलेलं नाही. मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं ते पत्र. घबाड सापडण्यापेक्षा घामाचा एक पैसा मोलाचा, फसवून मिळालेल्या यशापेक्षा सरळपणे आलेलं अपयश बरं, हे माझ्या मुलाला शिकवा म्हणणारं.

लिंकनचं समग्र लेखन १९५३ मध्ये आठ खंडांत निघालं. त्यात हे पत्र नाही. पत्रावर हेडमास्तरांचं नाव नाही, शाळेचं नाव नाही, तारीख नाही आणि मुलाचंही नाव नाही. थोरला रॉबर्ट १८५९ मध्ये हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाला, म्हणून वर्षभर एक्झेटरच्या शाळेत गेला. व्हाइट हाउसमधल्या दिवसांत विली आणि टॅड या धाकट्यांना शिकवायला मास्तर घरी येत. आणि खुद्द लिंकनची शाळा? सगळे दिवस एकत्र केले तरी वर्ष भरणार नाही, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. हेडमास्तर या प्राण्याशी त्यांचा इतका गाढ परिचय आपल्यामुळे झाला.

लिंकनच्या गळ्यात दुसऱ्यांची वाक्यं पडतात कशी, याचा एक नमुना तर डोळ्यांसमोर घडलेला आहे. बलवानाला दुबळं करून दुबळ्याला बळ येत नाही, अशा धर्तीची काही वचनं बेटकर नावाच्या पाद्र्याने १९१६ मध्ये छापली होती. १९४२ मध्ये एक पत्रक निघालं. त्याच्या एका बाजूला लिंकनचे शब्द, पाठीमागे बेटकरचे. झालं! कागद पातळ असावा, कारण पाठीमागचा मजकूर पुढे उमटला आणि १९९२ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात माजी अध्यक्ष रेगन यांनी तो लिंकनचा म्हणून ऐकवला. आपली शाखा तिथेही आहे हे पाहून भरून आलं.

नापास होण्याबद्दल लिंकनने खरंच एक पत्र लिहिलं आहे. जुलै १८६०, ते अध्यक्षपदाचे उमेदवार होते. रॉबर्टचा मित्र जॉर्ज लॅथम हार्वर्डच्या परीक्षेत नापास झाला, हे मुलाच्या पत्रातून कळल्यावर त्यांनी त्या पोराला धीर देणारं पत्र पाठवलं. त्यावर नाव आहे, गाव आहे, तारीख आहे आणि खाली सही आहे. दहावीच्या निकालादिवशी कुठल्याही शाळेत वाचून दाखवावं असं ते आहे. पण भिंतीवर जागा कुठे उरली?

आपण ज्याला खरोखर लुटलंत तो तर आपल्याच घरातला. हेडमास्तरांच्या पत्रातल्या ज्या मराठी शब्दांनी शिक्षकांच्या दोनतीन पिढ्यांचे डोळे पाणावले, ते शब्द वसंत बापटांचे. इंग्रजीतलं ते पत्र त्या मानाने साधंच आहे. त्याला मराठीत जो डौल आला, तो सेवादलाच्या कलापथकात घासूनपुसून निघालेल्या कवीचा. फ्रेममध्ये लिंकनचं नाव ठळक असतं, दाढीचा फोटो असतो. बापटांचं नाव असलंच तर खाली कंसात, आणि बहुतेक वेळा तेवढीच कडा चौकटीच्या लाकडाखाली गेलेली असते.

म्हणून एक विनंती. मी मुद्रितशोधक आहे. एका शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेची मुद्रितं सध्या माझ्या टेबलावर आहेत, आणि त्यात हे पत्र आहेच. मी शंका काढली तर मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "अहो सर, कुणी का लिहिलेलं असेना, विचार चांगले आहेत ना?" आपल्या संप्रदायाचा गुरुमंत्र तो हाच. मी म्हटलं, "बाई, मग लिंकनऐवजी आपल्या शिपायाचं नाव घालू या." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

तडजोड अशी झाली की पत्र राहील. मथळ्यातलं लिंकनचं नाव मी काढलं आहे. त्याखाली 'मूळ लेखक : अज्ञात', आणि त्याखाली ठळक टायपात 'मराठी शब्द : वसंत बापट'. शनिवारी फॉर्म छपाईला जातो. तोवर त्या 'अज्ञात'वर आपली कृपादृष्टी पडू नये, एवढंच मागणं आहे. मोकळी जागा दिसली की आपला हात शिवशिवतो, हे मी जाणतो. अगदीच राहवलं नाही, तर निदान चाणक्य तरी घालू नका. पाटलिपुत्रात हेडमास्तर होते, हे सिद्ध करायची जबाबदारी मग इतिहासाच्या जोशी सरांवर येईल, आणि ते येत्या जूनमध्ये निवृत्त होताहेत.

कळावे. लोभ आहेच, तो थोडा आटोपता घ्यावा ही विनंती.

आपला नम्र,
एक मुद्रितशोधक